पाश्चात्य फेमिनिझमचा मुस्लिम बायकांना खरंच उपयोग होतो का? आपण बोलावं की गप्प बसावं?

आठ_बावीस_स्लो

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, आज लिहितेय कारण विषय डोक्यातून जातच नाहीये.

आमच्या विक्रोळीच्या ऑफिसात महिला दिनाला लंडनच्या हेड ऑफिसातल्या एक मॅडम व्हिडिओ कॉलवर बोलल्या, जगभरातल्या बायकांचे हक्क वगैरे, चांगल्या बोलत होत्या, मग एक स्लाइड आली. डावीकडे काळ्या बुरख्यातली बाई, नुसते डोळे दिसतायत, उजवीकडे सूट घालून लॅपटॉप घेतलेली बाई आणि मधे हा मोठा बाण. म्हणजे डावीकडच्या बाईने उजवीकडे जायचं आणि झालं. माझ्या बाजूच्या डेस्कवरची मैत्रीण कोकणी मुसलमान आहे, दापोलीकडची, आठ वर्षांत तिला डोक्यावरून ओढणी घेतलेली मी कधी पाहिली नाही. तिने गुपचूप कॅमेरा बंद केला. नंतर पँट्रीत चहा घेताना मी विचारलं काय गं झालं, तर म्हणाली, माझ्या नणंदेला नवऱ्याने चार वर्षं माहेरी टाकलीय, ना तलाक देतो ना घेऊन जातो, दोन पोरं आहेत, खर्चाला एक रुपया नाही. त्या बाणावर ती कुठे बसते ते सांग मला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण दुसरी बाजूही मला सोडत नाहीये. माझी मुलगी आता सातवीत आहे. अफगाणिस्तानात मुलींची शाळा सहावीनंतर बंद, सप्टेंबर २०२१ पासून. मार्च २०२२ मध्ये शाळा उघडणार म्हणून सांगितलं, पोरी दप्तरं घेऊन गेल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं, ते रडणाऱ्या मुलींचे व्हिडिओ मी पाहिलेत. माझी मुलगी तिथे असती तर आज घरात बसली असती. मग यावर कोणी परक्या माणसाने बोलायचंच नाही का? आणि मी बोलले की इथे ज्यांना मुस्लिम बायकांशी काडीचं देणंघेणं नाही ते लोक टाळ्या पिटतात, फक्त त्या समाजाला नावं ठेवायला मिळतात म्हणून. त्या टाळ्या मला नकोत. पण गप्प बसणंही पटत नाही.

तर प्रश्न असा की हे पाश्चात्य फेमिनिझम मुस्लिम देशांतल्या बायकांच्या कामी आलंय का, की अडचणच झालीय त्यांची? आणि माझ्यासारखीने काय करावं? माहिती असलेल्यांनी कृपया लिहा, भांडायला येऊ नका.

घोडा_अडीच_घरं

ताई, मी बुद्धिबळ शिकवतो त्यामुळे मला जे माहितीय तिथूनच सांगतो. पाश्चात्य फेमिनिस्टांचा प्रॉब्लेम त्या फार बोलतात हा नाहीच, प्रॉब्लेम हा की जिथे बोलायला पाहिजे तिथे त्यांची बोबडी वळते. आपल्या पुण्याची सौम्या स्वामिनाथन, २०१८ मध्ये इराणला हमादानमध्ये आशियाई सांघिक स्पर्धा होती, तिथे डोक्याला स्कार्फ सक्तीचा म्हणून तिने नाव मागे घेतलं. भारताच्या टीममधली जागा सोडणं म्हणजे काय हे खेळणाऱ्याला विचारा. त्याच्या आदल्या वर्षी २०१७ मध्ये स्वीडनच्या सरकारातल्या बायका तेहरानला व्यापाराची बोलणी करायला गेल्या, स्वतःच्या सरकारला जगातलं पहिलं फेमिनिस्ट सरकार म्हणवणाऱ्या, आणि तिथे सगळ्या डोकं झाकून रांगेत चालल्या. आता मला सांगा तेहरानमधल्या ज्या मुलीला रस्त्यावर गश्त-ए-इर्शादवाले, म्हणजे कपड्यांवर नजर ठेवणारे पोलीस, केस दिसले म्हणून गाडीत घालतात तिने तो फोटो बघून काय समजायचं? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये महसा अमीनी अशीच पकडलेली, २२ वर्षांची पोरगी, तीन दिवसांत गेली. त्यानंतर इराणच्या बायकांनी भर चौकात स्कार्फ जाळले, जीव गेले त्यात. आणि बाहेर काही लोक अजून चर्चा करतायत की यावर बोललं तर मुस्लिमद्वेष होईल का. त्यांची भीती मला कळते, पण त्या भीतीची किंमत कोण मोजतंय?

त्यामुळे माझं मत, बोला. बिनधास्त बोला. टाळ्या कोण वाजवतंय याचा हिशोब त्या पोरींनी का भरायचा.

कौसा_मुंब्रा

ताई मी तुझ्या त्याच आठ-बावीसच्या स्लो ट्रेनमध्ये असते बहुतेक, मुंब्र्याला चढते. लेडीज डब्यात तू पाहिलं असशील, कळवा गेलं की दोन-चार मुली बुरखा काढतात, नीट घडी करून पिशवीत घालतात, केस सारखे करतात, आणि संध्याकाळी ठाणे सुटलं की परत अंगावर. बाकीच्या बायका बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, बिचाऱ्या. मीही सहा वर्षं ते केलंय म्हणून सांगते.

माझ्या अब्बांचं म्हणणं होतं बारावी झाली, बस. अम्मीने मधला रस्ता काढला, ती बुरखा घालून जाईल, भावाच्या मित्रांना पण ओळखू येणार नाही कोण आहे ती, मग तर हरकत नाही ना? त्या काळ्या कपड्यावर मी बीकॉम केलं, नंतर टॅली, आज एका सीएकडे कामाला आहे, घरचं भाडं मी भरते. आता मी बुरखा घालत नाही, ओढणी घेते. माझी धाकटी बहीण घालते, पूर्ण, आवडीने, तिच्याशी माझं यावरून भांडण होतं, ती माझ्यापेक्षा जास्त शिकलीय. तर मला कोणी विचारलं बुरखा म्हणजे गुलामी का, तर मी एका शब्दात नाही सांगू शकत. माझ्यासाठी तो गेटपास होता. गेटपास लागावा हीच मुळात जबरदस्ती आहे, हे मला कळतं, अम्मीला पण कळत होतं. पण त्या वेळी कोणी येऊन तो ओढून काढला असता तर मी सुटले नसते, घरात बसले असते.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाही. इराणमध्येच हे झालेलं आहे. १९३६ मध्ये रझा शाहने बुरख्यावर, चादरीवर बंदी घातली, पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरून ओढायचे, तर कितीतरी बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. मग १९७९ ला क्रांती झाली, खोमेनी आला आणि उलटं सुरू झालं, त्या वर्षीच्या ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो बायका सक्तीच्या हिजाबविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, पुढे १९८३ ला कायदाच केला. म्हणजे एकाच देशात एकाच आयुष्यात आजीच्या डोक्यावरून ओढलं आणि नातीच्या डोक्यावर बांधलं. दोन्ही वेळा हुकूम पुरुषांचाच. मला दोन्ही नको. तेहरानची गाडी नको आणि कॉलेजच्या गेटवर वॉचमनसमोर स्कार्फ काढून मगच आत सोडायचं हे पण नको, उडुपीत २०२२ ला मुलींचं वर्ष त्यात गेलं, आपल्या इथे चेंबूरच्या कॉलेजचं प्रकरण २०२४ ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

घोडा दादा, सौम्याबद्दल मला पण आदर आहे, तिने स्वतःच्या डोक्याचा निर्णय स्वतः घेतला. पण इराणची मित्रा हेजाझीपूर, ती पण बुद्धिबळाचीच ना, ती आधी म्हणत होती की तेहरानच्या स्पर्धेवर बहिष्कार घालू नका, आमच्या बायकांच्या खेळाला त्याने नुकसान होईल. आणि त्याच मित्राने २०१९ च्या डिसेंबरात मॉस्कोला खेळताना स्वतः स्कार्फ काढला आणि टीममधून हाकलली गेली. कधी नको आणि कधी हो, ते तिला माहिती होतं.

परळ_चाळ

विषय फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांब लिहितो, वय ७६, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, मुस्लिम बायकांचा लढा पाश्चात्यांकडून आला असं जे दोन्ही बाजूंचे लोक धरून चालतात ना, मौलवीही तेच म्हणतात आणि लंडनवाल्या मॅडमही मनातून तेच समजतात, तो समज आधी काढा. १८ एप्रिल १९६६. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा निघाला. सात. मागणी काय, तोंडी तलाक बंद करा, एकापेक्षा जास्त बायका करणं बंद करा, सगळ्यांना सारखा नागरी कायदा करा. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालेलो, वडील गिरणीत, आमच्या चाळीच्या कट्ट्यावर लोक हसले होते, सात बायकांचा कसला मोर्चा. अमेरिकेतली नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही त्यांची मोठी संघटना त्याच वर्षी जूनच्या अखेरीस निघाली. म्हणजे आमच्या मुंबईच्या सात जणी दोन महिने आधी रस्त्यावर होत्या. त्यांना कोणी पाश्चात्यांनी शिकवलं नव्हतं, त्यांनी तलाक भोगला होता. पुढे १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ झालं, सत्यशोधक हा शब्द जोतिरावांचा, तोही इथल्याच मातीतला.

दुसरी गोष्ट, परक्याने आपल्या बायकांबद्दल बोललं की काय होतं हे आपण मराठी लोकांनी स्वतः अनुभवलंय. रखमाबाई मुंबईच्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला, १८८४ ला नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये हायकोर्टाने हुकूम दिला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, त्या म्हणाल्या तुरुंगात जाते. आणि आपले लोकमान्य, ज्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, ते या प्रकरणात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होते. १८९१ ला संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं वय दहाचं बारा करायचं एवढंच, दहाचं बारा, तरी विरोध काय, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. वाक्य ओळखीचं वाटतंय? आज काबूलमधून, तेहरानमधून जे ऐकू येतं तेच. तेव्हा आपल्याकडेही ते नुसतं खोटं नव्हतं, सरकार खरंच परकं होतं, लूट करत होतं. म्हणूनच तर ते वाक्य इतकं चालतं.

त्या परक्यांचा खोटेपणाही बघा. इजिप्तवर राज्य करणारा लॉर्ड क्रोमर, बुरख्यामुळे इजिप्त मागास राहिला म्हणून लिहायचा, आणि इंग्लंडला परत गेल्यावर बायकांना मत मिळू नये म्हणून काढलेल्या संघटनेचा अध्यक्ष झाला! आणि अगदी हल्लीचं बघायचं तर नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश रेडिओवर म्हणाल्या की दहशतवादाविरुद्धचा लढा हा बायकांच्या हक्कांचाही लढा आहे. वीस वर्षांनी निघायची वेळ आली तेव्हा फेब्रुवारी २०२० ला दोह्यात तालिबानशी जो करार केला त्यात बायकांचं नाव एकदाही नाही. ताई, तुमच्या मुलीच्या वयाच्या पोरी आज घरात बसल्यात त्याचं पाप तालिबानचंच, यात मला शंका नाही, पण त्यांच्या नावाने युद्ध करून त्यांनाच करारातून वगळणाऱ्यांनाही मी मोकळं सोडणार नाही.

पण म्हणून परक्यांची मदत नेहमी वाईट असंही नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. रखमाबाईंना पुढे डॉक्टर व्हायचं होतं. त्यांच्या पाठीशी उभी राहिली एडिथ पीची, मुंबईच्या कामा हॉस्पिटलची इंग्रज डॉक्टर, जिला स्वतःला एडिंबरोमध्ये बाई म्हणून डिग्री नाकारली होती. तिने खटपट केली, १८८९ ला रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या, १८९४ ला डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरतेला, राजकोटला आयुष्यभर बायकांची बाळंतपणं केली. पीचीबाईंनी रखमाबाईंना काय पाहिजे हे ठरवलं नाही. रखमाबाई कोर्टात आधीच उभ्या होत्या, त्यांनी मागितलं ते पीचीबाईंनी मिळवून दिलं. सीएसएमटीला उतरून कामा हॉस्पिटलवरून गेलो की मला दर वेळी त्या दोघी आठवतात.

घोडा_अडीच_घरं

काका, एडिथ पीचीचं मला माहीत नव्हतं, छान लिहिलंत. मित्रा हेजाझीपूरचं कौसाताई म्हणाल्या तेही बरोबर, मी अर्धंच सांगितलं. पण एक शंका राहतेच. ज्या देशात बाई मागूच शकत नाही, मागितलं तर तुरुंग, तिथे तिने आधी मागावं मग आम्ही उभं राहू म्हणणं म्हणजे तिला एकटीला पुढे करणं नाही का?

कौसा_मुंब्रा

दादा, ती मागतच असते, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मागत नाही असं वाटतं. अफगाणिस्तानात रावा म्हणून बायकांची संघटना १९७७ पासून आहे, तालिबानच्या कितीतरी आधीपासून, तिची संस्थापक मीना, तिला १९८७ ला क्वेट्टात मारून टाकलं. तालिबानच्या पहिल्या राजवटीत त्या बायका लपूनछपून घरांमध्ये मुलींच्या शाळा चालवायच्या. इराणमध्ये नर्गिस मोहम्मदी तुरुंगात असताना तिला २०२३ चं नोबेल मिळालं, तिच्या आधी शिरीन एबादी, २००३. झन, झिंदगी, आझादी ही घोषणा कुठल्या पाश्चात्य देशातून नाही आली, कुर्दी बायकांची घोषणा आहे ती. सौदीत १९९० मध्ये ४७ बायकांनी रियाधमध्ये गाड्या चालवल्या, पासपोर्ट गेले, नोकऱ्या गेल्या, गाडी चालवायची परवानगी मिळाली २०१८ ला. आणि परवानगी मिळायच्या महिनाभर आधी ती मागणाऱ्या बायकांनाच पकडलं, लुजैन अल-हथलूल जवळजवळ तीन वर्षं आत होती. बाहेरच्यांनी तिचं नाव घेत राहणं, तुरुंगात आहे, तुरुंगात आहे म्हणत राहणं, याचा उपयोग झाला. हे पाहिजेच आम्हाला. फक्त आमच्या कपड्यांवर बोलण्याऐवजी आमच्या तुरुंगावर बोला.

बांद्रा_ईस्ट_क्वार्टर्स

मी स्पष्टच विचारते, राग मानू नका. मूळ धर्मातच पुरुषाला जास्त अधिकार दिले असतील तर आतून सुधारणा होणार कशी? ग्रंथ तर बदलता येत नाही.

कौसा_मुंब्रा

राग कसला, हे मी स्वतःला पण विचारलंय रात्र रात्र. ग्रंथ एकच आहे ना सगळीकडे, मग कायदे वेगवेगळे कसे? ट्युनिशियाने १९५६ मध्येच एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी घातली, आणि कुराणाचाच आधार घेऊन घातली, की चार करायची मुभा देताना सगळ्यांना सारखं वागवण्याची अट आहे आणि पुढे म्हटलंय की ते तुम्हाला जमणार नाही, मग झालं की. मोरोक्कोने २००४ ला मुलीचं लग्नाचं वय १८ केलं. आपला शेजारी पाकिस्तान, त्यांनी १९६१ लाच तोंडी तलाक नुसता बोलून चालणार नाही, लेखी नोटीस द्या असा कायदा केला. आणि आपल्याकडे त्यासाठी २०१७ उजाडलं. म्हणजे ग्रंथापेक्षा तो वाचून दाखवणारा कोण बसलाय यावर जास्त आहे. म्हणून तर भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने इथे मुंबईत बायकांना काझी व्हायचं ट्रेनिंग दिलं.

हाजी अलीचं सांगते. लोकांना वाटतं मजारीपाशी बायकांना पूर्वीपासून बंदी होती. अम्मी लहानपणी आजीचा हात धरून आतपर्यंत गेलेली आहे. बंदी मधेच कधीतरी २०११-१२ च्या सुमारास आली. मग नूरजहाँ सफिया नियाज आणि झाकिया सोमन कोर्टात गेल्या, २०१६ च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाने बंदी उठवली. त्यानंतर मी अम्मीला घेऊन गेले. वाऱ्याने नुसती ओढणी उडत होती तिची, त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी पाणी, गुडघे दुखत होते तरी थांबली नाही. आत गेल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग मला म्हणाली, फरशी तीच आहे.

काळा_कोट

कोर्टातून आत्ता घरी पोचले, धागा वाचला. वरच्या सगळ्या चर्चेत एक बाई हरवली, मैत्रिणीची नणंद. मी तिच्याबद्दल लिहिते कारण माझ्याकडे महिन्याला अशा चार तरी येतात.

२०१७ ला सुप्रीम कोर्टाने तिहेरी तलाक रद्द केला, चांगलं झालं, शायराबानो आणि बाकीच्या बायकांचे उपकार आहेत. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने आधी दहा राज्यांत ४,७१० बायकांना विचारलेलं, त्यातल्या ९२ टक्क्यांवर बायकांनी तोंडी तलाक बंद करा सांगितलं होतं, म्हणजे बायकांच्या मनात काय आहे हे स्पष्टच होतं. पण २०१९ च्या कायद्यात तीन वर्षांची कैद आली आणि मी काय बघते, तर आता नवरा तलाक म्हणतच नाही. नुसता टाकून देतो. म्हटला तर जेल, नाही म्हटला तर कोणी विचारत नाही. आणि जिथे खरंच म्हटलेला असतो तिथे बाई मला विचारते, मॅडम तो आत गेला तर पोरांची फी कोण भरणार? मागणी तलाक थांबवण्याची आणि पोटगीची होती, मिळाली कैद. बायकांनी मागितलेलं आणि त्यांच्या नावाने दिलेलं यात हा असा फरक पडतो, त्याला लंडनच लागतं असं नाही, दिल्लीतून पण होतं.

आणि टाकून देणं हा मुसलमानी रोग नाही. मराठीत परित्यक्ता हा शब्द हिंदू बायकांमुळेच रुळला, संगमनेरला त्यांची परिषद भरली होती. माझ्याकडच्या चारांतल्या दोन हिंदू असतात.

आता कामाचं. नणंदेचा तलाक झालेला नाही, म्हणजे ती बायको आहेच, तिला पोटगीचा अर्ज सरळ करता येतो, जुनं कलम १२५, आता नवीन कायद्यात १४४ झालंय. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही ते मिळतं हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये परत एकदा स्पष्ट केलंय, त्यामुळे कोणी सांगितलं की तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे तर ऐकायचं नाही. दुसरं, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांना आहे, त्यात खर्चही मागता येतो आणि सासरच्या घरात राहायचा हक्कही. आणि तिला सुटायचं असेल तर १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेदाचा कायदा आहे, नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही तर तेवढ्या कारणावर कोर्ट तलाक देतं, इथे तर चार वर्षं झालीत. खुल्यासाठी, म्हणजे बायकोने नवऱ्याकडे मागायच्या तलाकसाठी, त्याच्या पाया पडायची, मेहर सोडायची काही गरज नाही. हा १९३९ चा कायदा कसा आला हे फार थोड्यांना माहितीय. पंजाबात बायका नवऱ्यापासून सुटायला धर्मच सोडायला लागल्या होत्या, तेव्हा देवबंदच्या मौलाना अशरफ अली थानवींनी दुसऱ्या पंथाच्या, मालिकी पंथाच्या नियमांमधून वाट शोधून काढली आणि त्यावर पुढे कायदा झाला. बायकांनी दार ढकललं म्हणून मौलानांना ग्रंथ परत उघडावा लागला.

निकाहनामा नीट बघा. बाईला स्वतः तलाक घ्यायचा अधिकार त्यात लिहून घेता येतो, तफवीज म्हणतात. पाकिस्तानात तर छापील फॉर्मवर त्याचा अठरावा रकानाच आहे आणि कितीतरी ठिकाणी काझी निकाहाआधीच त्यावर काट मारतो, मुलीला विचारत पण नाही. आपल्याकडच्या बहुतेक निकाहनाम्यात तो विषयच नसतो, आयांना सांगा, मुलीचा निकाह लावताना लिहून घ्या.

येताना निकाहनाम्याची झेरॉक्स, पोरांचे जन्मदाखले, आधार, आणि नवऱ्याच्या कमाईचं काहीही असेल ते आणा, पगाराची स्लिप नसेल तर दुकानाचा फोटो, रिक्षाचा नंबर, लग्नातल्या खर्चाचे फोटो, काहीही. दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तिथे नवरे हमखास खोटं लिहितात, म्हणून पुरावा पाहिजे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे रोज उशीर म्हणजे रोज तिचे पैसे जातायत. मुंब्र्याला असेल तर ठाणे कोर्ट लागेल.

परळ_चाळ

वकीलबाई, फार मोलाचं लिहिलंत. एकच भर घालतो. १९२७ साली कॅथरिन मेयो नावाच्या अमेरिकन बाईने हिंदुस्थानातल्या बालविवाहांवर पुस्तक लिहिलं, हेतू हा की हे लोक स्वराज्याच्या लायकीचे नाहीत. गांधीजींनी त्याला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं. त्याच वर्षी पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली होती. त्या बायकांना मेयोचा हेतू कळत होता, रागही आला होता, पण बालविवाह होतात हे खरं होतं ना, म्हणून त्यांनी दोन वर्षांत, १९२९ ला, सारडा कायदा करून घेतला. अपमानाला उत्तर दिलं आणि मुलींनाही वाऱ्यावर सोडलं नाही. इराणच्या, अफगाणिस्तानच्या बायका आज तेच करतायत असं मला दिसतं, एका हाताने बाहेरच्याला थांब सांगतात, दुसऱ्या हाताने घरच्याशी लढतात. दोन्ही हात गुंतलेले असतात त्यांचे.

आठ_बावीस_स्लो

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस हा धागा परत परत वाचतेय.

काल मैत्रिणीला काळा कोट ताईंचा सगळा मजकूर दाखवला. १९३९ च्या कायद्याचं तिला माहीतच नव्हतं, मला तर नव्हतंच. ती म्हणाली, दोन वर्षं? आम्ही चार वर्षं त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. मग जिन्यात उभं राहून तिथूनच नणंदेला फोन लावला. मी मधे एक शब्द बोलले नाही. नणंदेला काय पाहिजे ते तिने विचारलं, तर तिला आत्ता तलाक नकोय, आधी पोरांचा खर्च पाहिजे, मोठ्याची शाळेची फी दोन टर्म थकलीय. मी मनात धरून चालले होते की तिला सुटायचंच असणार. बरं झालं विचारलं.

ऑफिसात मी त्या मॅडमना मेल पाठवलाय, मैत्रिणीला दाखवून, तिने दोन वाक्यं बदलली. बुरख्याचा फोटो काढा एवढंच नाही लिहिलं, अफगाणिस्तानच्या शाळांबद्दल बोला, तुरुंगातल्या बायकांची नावं घ्या, आणि पुढच्या वर्षी आमच्यातल्याच कोणालातरी बोलायला द्या असं लिहिलंय. उत्तर अजून आलं नाही. माझ्या मुलीनेही वाचला, ती म्हणाली मित्रा नावाची मुलगी आता कुठे खेळते, शोधून दे.

कौसाताई, तू खरंच माझ्याच ट्रेनमध्ये असशील तर हाक मार, मी मधल्या लेडीज डब्यात खिडकीपाशी उभी असते, हिरवी सॅक. काळा कोट ताई, तुम्हाला मेसेज केलाय. शनिवारी आम्ही तिघी येतोय, मुंब्रा स्टेशनला साडेनऊला भेटून पुढे ठाणे. निकाहनामा सासरी राहिलाय, पण दापोलीच्या जमातीच्या रजिस्टरात नोंद आहे, मैत्रिणीचे सासरे उद्या पहाटेच्या एसटीने तो उतारा आणायला चाललेत.